दहावी पत्ती

पॅरिस, ९ ऑक्टोबर १९५५

देल्फीन,

तुला न सांगता गाव सोडलं याचा राग अजून असेल तर हे पत्र आधी चुलीत टाक आणि पेटायच्या आत बाहेर काढून वाच. तुला सांगायला आलो असतो तर तू नुसतं "बरं" म्हणाली असतीस, आणि तुझ्या त्या "बरं"पुढे माझा पाय हलला नसता.

मार्सेयच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला वालकूरसाहेबांनी त्यांच्या बँडात कबूल केलेली खुर्ची मिळाली. दुसरा सॅक्सोफोन. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, म्हणून मी पूर्ण कार्यक्रमभर किंचित डावीकडे झुकलेला असतो. लोकांना ती माझी ढब वाटते.

आमच्या बाबांनी मला औषधांच्या दुकानाच्या दारातूनच निरोप दिला. हातात कुणाच्या तरी खोकल्याची बाटली. म्हणाले, "दोन वर्षं कायदा शिकलास. कुठल्या कलमाखाली बापाला फसवलंस एवढं तरी सांगून जा." मी उलट बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. कॉलेजची पुस्तकं स्टेशनवरच्या बाकावर ठेवून आलो. कुणाला वकील व्हायचं असेल तर होऊ दे.

मला व्हायचंय ते दोनच: या शहरातला सगळ्यात चांगला सॅक्सोफोनवाला, आणि तुझा. दुसरं आधी झालं तर पहिलं सोपं जाईल.

तुझ्या बाबांनी बोरूतून कापलेल्या, सॅक्सोफोनच्या तोंडाला बसवायच्या पत्त्या डब्यात चारच उरल्या आहेत. इथले लोक कारखान्याच्या पत्त्या वाजवतात, त्यांचा आवाज दाढ दुखत असल्यासारखा येतो. एक डबा पाठवायला सांगशील का? ओनोरा बरा आहे ना?

तुझा,
आंसेल्म

*

ला कानवेर, २३ ऑक्टोबर १९५५

वकीलसाहेब,

पत्र चुलीत टाकलं नाही. आई गेल्यापासून चूल मीच पेटवते आणि ती अशा ओल्या कागदांवर पेटत नाही. एका पानात माझ्याबद्दल तीन ओळी आणि खुर्चीच्या पायाबद्दल दोन. प्रगती आहे.

डबा मिळणार नाही. बाबांनी पत्त्या करणं सोडलं.

तुझ्या डोळ्यांसमोरच घडलं, तरी लिहिते, कारण आमच्या घरात हे कुणाशी बोलता येत नाही. माझ्या भावाने मार्सेयला पहिलं गाणं असं वाजवलं की परीक्षकांनी पेन्सिली खाली ठेवल्या. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर तोंडातली पत्ती पाणी पिऊन लोळागोळा झाली आणि सॅक्सोफोन बदकासारखा ओरडला. त्याने डब्यातली दुसरी बसवली. तीही तशीच. लोक हसले. परतीच्या बसमध्ये ओनोरा म्हणाला, "बाबा, तुम्ही मला कच्च्या पत्त्या दिल्यात." बाबांनी एक पत्ती जिभेला लावली, बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि म्हणाले, "कच्चीच आहे."

त्यानंतर दोघांत शब्द नाही. एका टेबलावर जेवतात. मीठ हवं असलं तर मला सांगतात.

दुसऱ्या कुणाची पत्ती असली की आपण ती संगमरवरावर टाकून बघतो. पिकलेली काचेसारखी वाजते, कच्ची थप्पकन पडते. पण बदामाच्या पानाचा छाप असलेल्या डब्यातली पत्ती या गावात कधी कुणी टाकून बघितली नाही. ओनोराने तरी का बघावी? बापाचा छाप होता.

बाबा म्हणतात, दोन उन्हाळे वाळलेल्या ढिगाऐवजी याच वर्षी कापलेल्या बोरूच्या ढिगातली नळी आपण उचलली असणार. "चाळीस वर्षांत एकदा हात चुकला आणि तो पोराच्या वेळी." आता बोरू कापतात आणि गाड्या भरून कारखान्याला देतात. सुरी तेल लावून फडक्यात बांधून ठेवली आहे, मेलेल्या माणसाचं काही ठेवतात तशी.

ओनोरा बरा आहे असं तुला कळवायला सांगितलंय. त्याने नाही, मीच मला.

देल्फीन

*

पॅरिस, १८ डिसेंबर १९५५

देल्फीन,

तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि रोज बूट पुसत बसतो. माझे बूट इतके चकचकीत कधीच नव्हते.

काकांना सांग, चूक कुणाचीही होते. आणि पत्ती ही शेवटी पत्ती. त्या दिवशी मार्सेयला हवा किती दमट होती! दमट हवेत पिकलेली पत्तीसुद्धा मान टाकते. ओनोराला हे समजायला हवं. काकांनी सुरी परत काढलीच पाहिजे, तू त्यांना सोडूच नकोस.

इथे मला सगळे "वकील" म्हणतात, तुला कुणी कळवलं? मागच्या आठवड्यात पहिला सॅक्सोफोनवाला तापाने पडला आणि वालकूर म्हणाले, "वकील, उभे राहा, बाजू मांडा." मी सोळा मात्रा एकट्याने वाजवल्या. नंतर ते म्हणाले, "हात चांगला आहे. पण तुम्ही असं वाजवता की मागून कुणीतरी धरायला येतंय." सगळे हसले. मीही हसलो.

ओनोराने वाजवलेलं ते दुसरं गाणं इथे रोजच्या यादीत आहे. ते आलं की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधतो.

तुझ्याशिवाय हे शहर म्हणजे उघड्या खिडकीतली थंडी. असं काही लिहिलं की तू हसतेस, माहीत आहे. हस. मला ऐकू येतं.

आंसेल्म

*

ला कानवेर, ४ मार्च १९५६

आंसेल्म,

दमट हवा? त्या दिवशी कोरडा मिस्त्राल सुटला होता. वाऱ्याने सगळ्यांचे ओठ फुटले होते, तू माझ्याकडून बदामाचं तेल मागून घेतलं होतंस. विसरलास? कॉलेज सोडलं की डोकंही तिथेच सोडावं लागतं वाटतं.

बाबांना तुझा निरोप सांगितला. "चूक कुणाचीही होते" ऐकून बोरूची मोळी बांधता बांधता थांबले. म्हणाले, "पोरगा मनाने चांगला आहे. बसमध्ये माझ्या बाजूने बोलला तो एकटाच." खरंय. ओनोरा बोलत होता तेव्हा तूच म्हणालास, "काकांना बोलू नकोस रे, जाऊ दे." मलाही आठवलं. त्या दिवसापासून तुझ्याबद्दल माझं मत थोडं बदललं होतं. किती, ते विचारू नकोस.

ओनोराने सॅक्सोफोन गावच्या बँडला परत केला. मिरवणुकीत आता झांजा वाजवतो. "झांजेला पत्ती लागत नाही," म्हणतो, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

लष्कराचं बोलावणं आज ना उद्या येणारच. तू चपट्या पायांमुळे सुटलास म्हणे. सगळं गाव म्हणतं, पाय चपटे असते तर इतक्या जोरात पळाला कसा?

देल्फीन

*

पॅरिस, ३० सप्टेंबर १९५६

देल्फीन,

तेलाचं आठवतं. बाकी त्या दिवसाचं काही विचारू नकोस.

वालकूर सोडले. भांडून. ते म्हणाले तालात वाजवा, मी म्हणालो ताल माझ्या मागून येऊ दे. आता आम्ही चौघं आहोत आणि पुढे मी आहे. तळघरातल्या एका जागेत वाजवतो, लोक जिन्यावर उभे राहून ऐकतात. रेकॉर्ड निघाली. वर माझा फोटो आहे, डावीकडे झुकलेला. एका पेपराने लिहिलंय की या मुलाच्या सुरात काहीतरी पश्चात्तापासारखं आहे. मी तो पेपर फाडला. मग चार प्रती आणल्या. मग त्याही फाडल्या.

पोस्टमनच्या मुलाबरोबर जत्रेत तीनदा नाचलीस असं आईच्या पत्रातून कळलं. एकदा नाचलीस तर शिष्टाचार. दोनदा तर दया. तीनदा म्हणजे काय? त्याला सांग, माझे पाय चपटे असले तरी मुठी नाहीत. नाही, नको सांगूस. मी मूर्ख आहे. देल्फीन, माझ्याशी लग्न कर. ईस्टरला ये. खोलीला दोन खिडक्या आहेत आणि एकीतून झाड दिसतं.

आंसेल्म

*

ला कानवेर, १३ जानेवारी १९५७

आंसेल्म,

ओनोरा गेला. आगबोट मार्सेयहून, पलीकडे अल्जेरियात. हातात बंदूक. लष्कराच्या बँडात वादक हवेत का, विचारायला मीच त्याला पाठवलं होतं. साहेबाने विचारलं, "काय वाजवतोस?" तर म्हणाला, "झांजा." बस, संपलं.

बाबा स्टेशनवर आले नाहीत असं मला वाटलं होतं. गाडी सुटल्यावर मालाच्या गोदामामागे दिसले. टोपी हातात. मी विचारलं, "बाबा, पुढे का नाही आलात?" म्हणाले, "कच्चा माल देणाऱ्याने कुठल्या तोंडाने यायचं?"

आता घरात आम्ही दोघंच आणि बोलणारी मी एकटी. परवा चण्याच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं, तरी बाबा गपचूप प्यायले. मला रडू आलं. इतकं गप्प कुणी असू नये.

म्हणून नव्हे, पण म्हणूनही, मी ईस्टरला येते. हो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आहे. पोस्टमनच्या मुलाला नाचता येत नाही, तीनदा शिकवून बघितलं.

बाबांना सांगितलं. मार्सेयनंतर पहिल्यांदा हसले. "आंसेल्म असेल तर जा. त्याने माझी लाज राखली होती."

तुझी,
देल्फीन

*

पॅरिस, २ फेब्रुवारी १९५७

देल्फीन,

येऊ नकोस. आधी हे वाच.

पत्त्या मी बदलल्या.

काकांच्या हाताने चूक केलीच नव्हती. स्पर्धेआधीच्या रविवारी तुम्ही सगळे चर्चला गेला होतात. मी अंगणातल्या त्या वर्षीच्या ढिगातून दोन नळ्या घेतल्या. काकांनीच मला सुरी धरायला शिकवलं होतं, त्यांच्याच बाकावर, त्यांच्याच सुरीने मी दहा पत्त्या काढल्या. हिरवट दिसत होत्या म्हणून कॉफीत बुडवल्या आणि तव्याच्या उबेवर वाळवल्या. ओनोराच्या डब्यातल्या काढून घेतल्या, या ठेवल्या. डबा तोच, छाप तोच. तो टाकून बघणार नाही हे मला माहीत होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही बघितली नसती.

त्याच्या चांगल्या पत्त्या मी पॅरिसला घेऊन आलो. पहिल्या पत्रात "चारच उरल्या" लिहिलं, त्या त्याच. त्यांच्यावर मी इथे नाव काढलं.

का केलं ते ऐकून तू मला माणूस समजणार नाहीस. त्या आठवड्यात तू विहिरीपाशी म्हणाली होतीस, "ओनोरा जिंकला की मीही पॅरिसला जाणार, त्याचं घर सांभाळायला." हसत म्हणालीस. मला वाटलं, गेलीस की संपलं. मी एक्स शहरात कॉलेजला, तू पॅरिसला, आणि तिथे कुणी ना कुणी तुला उचलून नेणार. ओनोरा हरला की तू गावातच राहशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जिंकायचं नव्हतं मला. शपथ घेतो, जिंकायचं नव्हतं. पण माझं नाव पुकारलं तेव्हा "नको" म्हणायला तोंड उघडलं आणि "आभारी आहे" बाहेर पडलं. त्या दोन शब्दांना मी सगळ्यात जास्त घाबरतो, कॉफीपेक्षाही.

बसमध्ये काकांनी पत्ती जिभेला लावली तेव्हा मी समोरच्या बाकावर होतो. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि माझा गुन्हा स्वतःच्या खिशात घातला. मग मी म्हणालो, "काकांना बोलू नकोस रे." देल्फीन, तो चांगुलपणा नव्हता. विषय थांबवायचा होता.

हे काकांना वाचून दाखव. एक ओळ गाळू नकोस. ओनोराला कळव. मग माझं काय करायचं ते करा.

आंसेल्म

*

ला कानवेर, १० नोव्हेंबर १९५७

आंसेल्म,

नऊ महिने उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता म्हणून नाही.

पत्र बाबांना अंगणात वाचून दाखवलं. एक ओळ गाळली नाही, विहिरीची सुद्धा. कॉफीपाशी आले तेव्हा म्हणाले, "परत वाच." वाचलं. "कसली कॉफी? खरी की चिकोरीची?" मी ओरडले, "बाबा, मला काय माहीत!" ते म्हणाले, "कडू लागली होती गं. बसमध्ये जिभेला लावली तेव्हा कडू लागली होती. मला वाटलं, माझंच तोंड कडू झालंय." आणि तिथेच मोळीवर बसले. रडले की हसले, मला समजलं नाही. खांदे हलत होते.

मग त्यांनी ओनोराला पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. एकच ओळ: "पत्त्या माझ्या नव्हत्या." उत्तर आलं, तेही एकच: "मी टाकून बघायला हवं होतं की तुम्हाला विचारायला हवं होतं, बाबा, यावर रोज विचार करतो." तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी पत्र येतं, आता एकेका पत्रात सहा सहा ओळी असतात.

तुला कुणी शिव्या दिलेल्या नाहीत. ओनोराने नुसतं विचारलं, "तो अजून डावीकडे झुकतो का?"

मी येणार नाही. ईस्टरला नाही, कधीच नाही. माझ्यावर एवढं प्रेम होतं की माझं घर मोडून मला त्या घरात ठेवायचं होतं. तसलं प्रेम पुन्हा कुणावर करू नकोस. मला वाईट किती वाटलं ते तुला सांगणार नाही, तुला त्याचं गाणं करता येईल.

बाबांनी सुरी बाहेर काढली. सोबत डबा आहे. छाप त्यांचाच, पत्त्या त्यांच्याच, दहा. माझ्या समोर भरला, पण भरताना पाठ केली होती. निरोप असा: "यात एखादी कच्ची असेल, नसेलही. टाकून बघायची नाही. माझ्या पोराने बघितली नव्हती."

देल्फीन गास्तिनेल

*

पॅरिस, ११ जून १९६१

आदरणीय गास्तिनेलकाका,

देल्फीनला लिहायचा हक्क मला नाही. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, आईने कळवलं. म्हणून तुम्हाला लिहितो. वाचून कोण दाखवेल तेही माहीत आहे.

साडेतीन वर्षांत तुमच्या नऊ पत्त्या वाजवल्या. स्वस्त कामाला नाही. स्टॉकहोमला एक, जिथे राजघराण्यातलं कुणी आलं होतं. दोन रेकॉर्डिंगला. एक रेडिओवर, लाखभर माणसं ऐकत असताना. ज्या दिवशी फजिती झाली तर सगळं जाईल, तो दिवस निवडायचो, डबा उघडायचो आणि हात जाईल ती उचलायचो. माझ्या खोलीतल्या टेबलाला संगमरवर आहे. एकदाही टाकून बघितली नाही. दुसरं गाणं सुरू झालं की मला घाम फुटायचा. आता लोक मला मोठा वादक म्हणतात आणि म्हणतात की माझ्या दुसऱ्या गाण्यात जी धास्ती असते ती दुसऱ्या कुणाच्या वादनात नाही. ती धास्ती तुमची आहे. त्यांना कुठे माहीत?

नऊच्या नऊ पिकलेल्या निघाल्या.

दहावी डब्यात आहे. सहा महिने झाले. वाजवायची हिंमत होत नाही, फेकायची त्याहून नाही. कधी वाटतं तुम्ही कच्ची ठेवलीच नसेल. मग झोप येत नाही. कधी वाटतं ठेवली असेल. मग थोडं बरं वाटतं.

काका, ही मी इथे वाजवणार नाही. संत एलोईच्या जत्रेत मला गावच्या बँडात मागच्या रांगेत उभं राहू द्या. ओनोराने वाजवलेलं ते दुसरं गाणं. कच्ची निघाली तर सगळ्या गावाला हसू दे. मार्सेयला हसले होते त्याहून मोठ्याने.

तुमचा अपराधी,
आंसेल्म रूबियों

*

ला कानवेर, २० जून १९६१

आंसेल्म,

पत्र बाबांना मी मोठमोठ्याने वाचून दाखवलं. देल्फीन माहेरी आली होती, भाजी निवडत होती, उठून गेली नाही.

जत्रा रविवारी, नऊ जुलैला. बँड सकाळी दहाला चर्चसमोर जमतो. गणवेश शिल्लक नाही, माझा जुना घाल, बाह्या आखूड होतील. माझ्या शेजारी उभा राहा, लष्करातून सुटून आल्यावर मी परत सॅक्सोफोन घेतला आहे. डावीकडे झुकू नकोस, तिकडे मी असेन.

माफीबिफी मागत बसू नकोस, त्याला वेळ नाही. सूर जुळवायलाच अर्धा तास लागतो.

डब्यात काय आहे ते बाबांनी मलाही सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेव." त्यांना आता फार कमी ऐकू येतं. पण कच्ची असली तर त्यांना कळेल.

ओनोरा